लिव्हर पार मुठीला टेकायलाय, सगळा सेट बदलू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापूरला राहतो. गाडी १२५ सीसीची, २०१९ च्या दिवाळीत घेतलेली, पुढं डिस्क हाय. महिनाभर झालं, पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर पार मुठीला टेकायलाय, दोन-तीनदा दाबदाब केली की मग लागतो. एक मेस्त्री म्हणले वरचा मास्टर सिलेंडर, पाइप, खालचा कॅलिपर असा सगळा सेटच टाका, दुसरे म्हणले नुसते पॅड बदला. सेट ऑनलाइन बघून ठेवलाय. घरीच बसवला तर जमंल का? पाने हायत माझ्याकडं.

उत्तर : थांबा जरा, ऑर्डर टाकू नका. नुसते पॅड झिजले म्हणून लिव्हर असा मुठीला जात नाही. पॅड जेवढा झिजतो तेवढा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन आपोआप पुढं सरकतो आणि हॅन्डलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल तेवढं खाली जातं, लिव्हर मात्र जिथल्या तिथंच लागतो. दाबदाब केल्यावर लागतोय म्हणजे बहुतेक लाइनीत हवा आहे. आधी डबीची काच बघा, ऑइल लोअर खुणेच्या खाली गेलं असेल तर हवा तिथूनच आत शिरली असणार. मग लिव्हर दाबून मिनिटभर तसाच धरून ठेवा. हळूहळू आत बसत गेला आणि बाहेर कुठंच ऑइल गळत नसेल तर मास्टर सिलेंडरमधलं (लिव्हरजवळचा, ऑइल खाली ढकलणारा भाग) रबर गेलंय, त्याचं किट बऱ्याच गाड्यांना वेगळं मिळतं, त्यासाठी अख्खा सेट कशाला.

ऑइल शेवटचं कधी बदललं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बदललंच नसावं! कंपन्यांच्या पुस्तकात साधारण दोन वर्षांनी बदला असं असतं, कारण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा, बाटलीवर लिहिलेला असतो) चं नवीन ऑइल निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, ओल धरली की हीच हद्द १५५ पर्यंत खाली येते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला, त्यात डबलसीट तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक धरूनच यायचं, डिस्क तापते, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दबते, त्यामुळं ऐन वळणावर लिव्हर मऊ पडतो. म्हणून माझं मत, आधी एक सीलबंद बाटली आणा, सगळं जुनं ऑइल काढा, हवा काढा, एवढ्यानं भागलं तर पैसे वाचले.

नाहीच भागलं आणि सेट टाकायचाच झाला तर घ्यायच्या आधी एक बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला, तुमच्या गाडीत सीबीएस असेल तर मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लागतो, आणि त्याचा कॅलिपर जुन्या मॉडेलच्या कॅलिपरपेक्षा वेगळा असू शकतो. फोटो सारखा दिसतो म्हणून मागवू नका, पार्ट नंबर जुळवा.

बसवताना पाइपाच्या बोल्टला दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवेच टाका, जुने दबलेले असतात, गळतात. टाकीवर ओलं फडकं टाका, हे ऑइल रंग खातं, थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा. कॅलिपरचे रबर पेट्रोलनं धुवायची आपल्याकडच्या गॅरेजात सवय आहे, पण पेट्रोलनं ते फुगतात, ताज्या ब्रेक ऑइलनंच पुसा. कॅलिपर खाली लोंबत असताना लिव्हर दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतो.

खरी कसोटी हवा काढण्यात. हॅन्डल असं वळवा की डबी सपाट राहील. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. घरातलं कुणीतरी लिव्हर दाबून धरेल, तुम्ही निपल जरासा ढिला करा, बुडबुडे येतील, निपल आवळा, मगच त्यांनी लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत. मध्येच डबी रिकामी झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. नवा कॅलिपर कोरडा असतो त्यामुळं वेळ लागतो, पाइपाला टिचक्या मारत राहा. एवढं करूनही लिव्हर मऊच लागला तर गाडी चालवत नव्हे, ढकलत गॅरेजला न्या.

प्रश्न : डॉट ३ लिहिलेल्या स्कूटीत डॉट ४ चालतं का? (होटगी रोडवरून एक ताई)

उत्तर : चालतं ताई, दोन्ही एकाच जातीचे आहेत. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं, यांच्यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं, दुकानात नीट वाचून घ्या. आणि वर्षभर कपाटात उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका.