कॅसिनोत शेजारचा खेळाडू चिप्स विसरून उठला तर काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की पणजीच्या कॅसिनोत रूलेट (फिरत्या चाकात चेंडू कोणत्या आकड्यावर थांबेल यावर डाव लावायचा खेळ) खेळताना शेजारचा माणूस उठून गेला आणि त्याच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, टेबलावरच राहिल्या, तर त्या घेऊन त्याच्यामागे जावं का. जाऊ नका. चिप्सना हातही लावू नका. डीलरला, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला, ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा, "हे उठले, यांच्या चिप्स राहिल्यात." टेबलाच्या वर कॅमेरा असतो आणि त्यात दुसऱ्याच्या चिप्स उचलणारा तुमचा हात तेवढा दिसतो, मनात काय होतं ते दिसत नाही.

रूलेटच्या बाबतीत तर मागे धावून उपयोगही नसतो. तिथे प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात, आणि एका चिपची किंमत काय हे तो बसला तेव्हा त्याच टेबलावर ठरलेलं असतं. त्या रंगीत चिप्स कॅश काउंटरवर वटत नाहीत. उठण्याआधी डीलरकडून त्या बदलून कॅश चिप्स घ्यायच्या असतात. तुम्ही जिन्यात गाठून त्याच्या हातात दिल्यात तरी त्याला परत त्याच टेबलावर यावं लागणार.

याहून नाजूक प्रकार म्हणजे आकड्यावर राहून गेलेली चिप. एका आकड्यावर लावलेला डाव लागला की ३५ पट पैसे खेळाडूकडे सरकवले जातात, पण मूळ चिप आकड्यावरच राहते. ती उचलली नाही तर पुढच्या फेरीत ती पुन्हा डावात धरली जाते. मालक पैसे घेऊन निघून गेला आणि चिप विसरला, असं बऱ्याचदा होतं. ती बाजूला करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. चेंडू फिरायच्या आधी डीलरच्या कानावर घाला, म्हणजे काय करायचं ते तो सुपरवायझरला विचारून ठरवेल. कोणी मध्येच "ती माझीच" म्हणत हात घातला तर वाद घालत बसू नका. खेळ थांबतो, वर रेकॉर्डिंग पाहिलं जातं आणि चिप कोणाची होती ते कळतं.

डीलर त्या चिप्स पटकन स्वतःच्या ट्रेमध्ये का टाकत नाही, असं लोकांना वाटतं. ट्रेमधल्या प्रत्येक चिपचा हिशेब लागावा लागतो. परक्या चिप्स आत गेल्या तर मोजणीत ट्रे जास्त भरेल आणि उत्तर डीलरला द्यावं लागेल. म्हणून तो सुपरवायझरला बोलावतो, चिप्स सगळ्यांसमोर पसरून मोजल्या जातात आणि बाजूला ठेवल्या जातात. डीलर तुमच्या हातातून थेट काही घेत नाही, तेही याच कारणानं. टेबल सोडताना तो दोन्ही तळवे उघडून दाखवतो ते पाहिलं असेलच.

चिप जमिनीवर सापडली तर मात्र उचलावी लागते, नाहीतर कोणाच्या तरी बुटाखाली जाते. दोन बोटांत दिसेल अशी धरा, मूठ मिटू नका, खिशाकडे हात नेऊ नका. जवळच्या टेबलावर डाव लावायच्या चौकटींच्या बाहेर, कडेला ठेवा आणि "ही खाली पडली होती" असं सांगा. चौकटीत ठेवलीत तर तो तुमचा डाव समजला जाईल. एंट्री पॅकेजसोबत मिळणाऱ्या, एकदाच लावता येणाऱ्या चिप्स रोखीत वटत नाहीत, म्हणून लोक त्या बेफिकिरीनं टाकून जातात. त्याही तुमच्या नव्हेत.

पोकरमध्ये उलटं आहे. तिथे माणूस चिप्स ठेवून बाथरूमला किंवा जेवायला जातो, हा रिवाजच आहे. चिप्स म्हणजे त्याची जागा राखलेली. त्या "सांभाळायला" स्वतःकडे ओढू नका आणि त्याच्या वतीनं ब्लाइंडही (पत्ते वाटण्याआधी भरावी लागणारी ठरलेली रक्कम) भरू नका. ठरलेल्या वेळेपलीकडे तो आला नाही तर फ्लोअर मॅनेजर डीलरसमोर मोजून चिप्स उचलतो. किती वेळ थांबायचं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तीनपत्तीच्या किंवा ब्लॅकजॅकच्या टेबलावर खुर्चीला जॅकेट अडकवलेलं असेल किंवा सिगारेटचं पाकीट ठेवलेलं असेल, तर जागा भरलेली धरून डीलरला विचारा.

स्लॉट मशीनवर मोह सगळ्यात जास्त होतो, कारण समोर माणूस नसतो. स्क्रीनवर चाळीस-पन्नास रुपयांचे क्रेडिट राहिलेत, बटण दाबलं तर काय बिघडलं? बिघडतं. ते क्रेडिट दुसऱ्याच्या पैशांचं आहे. मेंबर कार्ड आतच असेल तर मालक बहुधा जवळपासच आहे. मशीनवरचं सर्व्हिसचं बटण दाबा, किंवा सरळ शेजारचं मशीन घ्या. लास वेगासला जाणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावं. तिथे मशीनमधून उरलेल्या रकमेची, वटवता येणारी छापील स्लिप निघते, आणि उरलेले क्रेडिट व पडलेल्या स्लिपा गोळा करत फिरणाऱ्यांना सुरक्षारक्षक हुडकूनच काढतात. डाव न लावता खेळातले पैसे लबाडीनं घेणं नेवाडाच्या कायद्यात गुन्हा आहे. मुदत संपलेल्या, न वटवलेल्या स्लिपांच्या रकमेतले ७५ टक्के २०११ च्या कायद्यानुसार राज्याच्या तिजोरीत जातात, बाकीचे कॅसिनोला राहतात. सापडणाऱ्याचा वाटा त्यात कुठेच नाही.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करण्याबद्दलचं कलम, लागू होतं. शिक्षा किमान ६ महिने, जास्तीत जास्त २ वर्षं, शिवाय दंड. हमरस्त्यावर सापडलेला, कोणाचा ते माहीत नसलेला रुपया नुसता उचलणं हा गुन्हा नाही, असं उदाहरण या कलमात आहे. पण मालक शोधण्याचा मार्ग हाताशी असताना तो न शोधता वस्तू खिशात घातली तर गुन्हा होतो. डोक्यावर कॅमेरा आणि पाच पावलांवर सुपरवायझर असताना "मालक कोण ते कळलं नाही" हे कोण मानेल?

मोबाइल किंवा पाकीट सापडलं तर उघडून पाहू नका. आधार कार्डावरचं नाव वाचून फ्लोअरवर हाका मारत फिरू नका आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. खेळाच्या भागात फोटोला सहसा बंदीच असते. सापडलेल्या मोबाइलवर फोन आला तर कर्मचाऱ्याला द्या, तो बोलेल. पाकीट रिसेप्शनवर देताना आतली रोकड तुमच्यासमोर मोजून नोंद करायला सांगा. हे मी आग्रहानं सांगेन, कारण नंतर "त्यात वीस हजार होते" असं कोणी म्हणालं तर तुमचं नाव मध्ये येतं. जेटी आणि नदीतल्या कॅसिनोच्या जहाजामध्ये ने-आण करणाऱ्या फीडर बोटीत काही सापडलं तर बोटीवरच्या माणसाला द्या, आणि कोणत्या फेरीत सापडलं ते जेटीच्या काउंटरवरही सांगा.

विसरणारे तुम्हीच असाल तर परतीची बोट पकडण्याआधी सुपरवायझरला गाठा. टेबलाचा क्रमांक, तुम्ही कितव्या खुर्चीवर होता, साधारण वेळ आणि अंगातल्या शर्टाचा रंग एवढं सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये शोधणं सोपं जातं. हॉटेलवर पोचल्यावर आठवलं तर सकाळची वाट न पाहता फोन करा. रेकॉर्डिंग कायम ठेवत नाहीत. आणि खिशात राहिलेल्या कॅश चिप्स शेजारच्या बोटीवर चालत नाहीत, त्या त्याच कॅसिनोत जाऊन वटवाव्या लागतात.