वेबकॉमिकवाल्याच्या विनोदी विज्ञान कादंबऱ्या वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?

स्कॉट मेयरपासून करा. 'बेसिक इन्स्ट्रक्शन्स' हे चार चौकटींचं वेबकॉमिक काढणारा तो हाच. आधी 'ऑफ टू बी द विझार्ड' घ्या. मार्टिन नावाच्या पोराला एक फाइल सापडते. अख्खं जग म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्राम, अन् ही फाइल म्हणजे त्याचा सातबाराच. आपल्याकडं एका फेरफारासाठी तलाठ्याकडं चपला झिजतात. हा गडी बसल्या जागी स्वतःची उंची वाढवतो, बँकेतली शिल्लक फुगवतो. मग सरकारी माणसं मागं लागली की पळतो थेट ११५० सालच्या इंग्लंडात, जादूगार म्हणून मिरवायला. तिथं असले उपटसुंभ आधीच ठाण मांडून बसलेले!

मी हे लातूर-नांदेड एसटीत वाचलं. अहमदपूर आलं तरी हसू आवरेना, शेजारच्या मावशी जरा सरकूनच बसल्या.

पुढं मालिका लांबत जाते. मला पहिले दोन भाग पुरले. त्यापेक्षा 'रन प्रोग्राम' (२०१७) वाचा. सहा वर्षांच्या पोराएवढी समज असलेला एआय प्रयोगशाळेतून निसटतो. घरात पहिलीतला भाचा असेल तर जास्तच पटेल. इंग्रजी सोपं आहे, डिक्शनरी काढायची वेळ फारशी येत नाही.