रूममेटसोबत एकाच ऑनलाइन पोकर टेबलावर बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत, एडिसनला, दोन मित्र एकाच फ्लॅटमध्ये राहतात. परवाना असलेल्या साइटवर दोघांची वेगवेगळी खाती आहेत, वाय-फाय एकच. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच उघडे, पैसे लावायला मर्यादा नाही) टेबलावर दोघं एकदम बसले तर चालेल का? सोबत असंही लिहिलंय, की ‘आम्ही एकमेकांना पत्ते सांगत नाही, फक्त एकमेकांच्या अंगावर फारसं जात नाही.’

खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. एकमेकांना सांभाळून घेणं, ज्याला सॉफ्ट प्ले म्हणतात, तेही साटंलोटंच. पत्ते न सांगितल्याने ते माफ होत नाही. पोकरमध्ये ब्रिजसारखा भिडू नसतो, ज्याने त्याने आपलाच डाव खेळायचा असतो. ‘आम्ही कुणाचं काय घेतलं?’ असं वाटत असेल, तर तिसऱ्या खेळाडूच्या खुर्चीत बसून बघा.

नऊ जणांची छोटी स्पर्धा, बक्षिसं पहिल्या तिघांना, आता चौघं उरलेत. मित्र बिग ब्लाइंडवर आहे (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम; मोठी ती बिग, छोटी ती स्मॉल) आणि त्याच्याकडे जेमतेम दोन ब्लाइंडचे चिप्स आहेत. तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर, तुमच्याकडे ढीग आहे, बाकी दोघांनी पत्ते टाकलेत. इथे जवळजवळ कुठल्याही पत्त्यांवर त्याला ऑल-इनला (उरलेले सगळे चिप्स लावायला) आणायचं असतं. तुम्ही दया दाखवून पत्ते टाकलेत तर मित्र वाचतो, आणि त्याच्या बाहेर जाण्याने बक्षिसात येऊ शकणाऱ्या उरलेल्या दोघांचा हक्क मारला जातो. तुम्ही अवाक्षरही बोलला नसाल, तरी दोन माणसांचे पैसे हलले.

कॅश टेबलावर, जिथे चिप्स म्हणजे थेट पैसेच, हे इतकं उघड दिसत नाही, पण रोज घडतं. मित्राने बटणावरून (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून) रेझ केला, म्हणजे पैसे चढवले, बिग ब्लाइंडला तुमच्याकडे एक्का-राणी. दुसरा कुणी असता तर तुम्ही परत चढवलं असतं, मित्र म्हणून नुसता कॉल केलात, तेवढेच पैसे भरलेत. मग त्याला त्या जागेवरून हलक्या पत्त्यांवरही ब्लाइंड ओढता येतात, आणि तीच चाल तिसऱ्याने केली तर त्याला तुमचा पूर्ण मार बसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे दोघांनी बेट-रेझ करत तिसऱ्याला हाकलायचं आणि तो गेला की रिव्हरपर्यंत (शेवटच्या उघड्या पत्त्यापर्यंत) दोघांनी काही न लावता चेक-चेक करत जायचं. हे ठरवून केलं नसेल, तरी नोंदीत ते ठरवून केल्यासारखंच दिसतं.

पत्ते सांगण्याचा परिणाम आकड्यात पाहा, कारण ‘टाकलेल्या पत्त्यांनी काय फरक पडतो?’ हे वाक्य फार ऐकू येतं. तुमच्याकडे बदामचा एक्का आणि नव्वी, फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत) आणखी दोन बदाम. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. पुढच्या दोन पत्त्यांत फ्लश (पाच बदाम) लागण्याची शक्यता ३५ टक्के. पॉट (मध्ये जमलेले पैसे) १०० चा, समोरच्याने ८० ऑल-इन केलं. तुम्हाला २६० च्या पॉटसाठी ८० भरायचेत, म्हणजे साधारण ३१ टक्के शक्यता हवी. कॉल बरोबर आहे. आता सोफ्यावरून मित्र म्हणाला, ‘शी, माझे दोन्ही बदाम होते, उगाच टाकले!’ बदाम उरले ७, न दिसलेले पत्ते ४५, शक्यता आली २९ टक्क्यांवर. कॉलचा फोल्ड झाला, म्हणजे पत्ते टाकायचे. तुमच्या हातात अठ्ठ्यांची जोडी असेल, तर फ्लॉपवर तिसरी अठ्ठी येण्याची शक्यता पावणेबारा टक्के. मित्राने एक अठ्ठी टाकल्याचं कळलं की ती सव्वासहा टक्के उरते. समोरच्याला हे कळायला काहीच मार्ग नाही. म्हणून डाव चालू असताना टाकलेल्या पत्त्यांबद्दल हळहळसुद्धा तोंडातून बाहेर पडता कामा नये. एकाच खोलीत बसून खेळणाऱ्यांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते, आणि बहुतेकदा मनात खोट नसताना होते.

मित्राच्या सवयी ठाऊक असणं मात्र पूर्णपणे रास्त आहे. तो ब्लफ करताना जास्त वेळ घेतो हे वर्षभर पाहून कळलं असेल, तर ते खुशाल वापरा, आणि त्याच्याविरुद्धच वापरा.

आता साइटच्या बाजूने. न्यू जर्सीत ऑनलाइन खेळ २०१३ पासून कायदेशीर आहे आणि तुम्ही राज्याच्या हद्दीत आहात का हे साइटला तपासावं लागतं. त्यामुळे दोघं एकाच पत्त्यावर आहात हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसतं. आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) एक असणं हा गुन्हा नाही, पण त्यामुळे तुमचे डाव बारकाईने बघितले जाऊ शकतात. दोघं एकत्र येता-जाता का, इतरांवर किती वेळा चढवता आणि एकमेकांवर किती वेळा, रिव्हरला दोघंच उरलात की बेट का थांबते, हे सगळं मोजता येतं. तुम्हाला न दिसलेले पत्तेही साइटच्या नोंदीत असतात. नोंदी किती बोलतात त्याचं उदाहरण २००७ चं आहे: ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर काही खात्यांना समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते, आणि ते खेळाडूंनीच डावांच्या नोंदी चाळून उघडकीला आणलं. संशय आला की साइट खातं गोठवते, चौकशी होते, आणि दोष ठरला तर पैसे जप्त होऊ शकतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: सहा किंवा नऊ जणांच्या कॅश टेबलावर आणि छोट्या स्पर्धेत दोघांनी एकत्र बसूच नका. एकाने वरच्या दराचं टेबल घ्यावं, दुसऱ्याने खालच्या. अनेक साइट एकाच घरातल्या दोघांना असं बसू देत नाहीत. आधी सपोर्टला लेखी विचारा, दोन्ही खात्यांची नावं द्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. व्हीपीएन लावून आयपी लपवायला जाऊ नका. लपवलेली गोष्ट प्रामाणिक असली तरी तशी दिसत नाही.

शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत जागा चिठ्ठीने पडतात, तिथे एका टेबलावर आलात तर तो तुमचा दोष नाही. मग वेगळ्या खोलीत जा, कॉल आणि स्क्रीन शेअरिंग बंद करा, आणि परक्या माणसाशी जे केलं असतं तेच मित्राशी करा. एकमेकांच्या बक्षिसात टक्केवारी ठेवली असेल तर मोह दुप्पट होतो. ज्याच्यासोबत एका टेबलावर येण्याची शक्यता आहे त्याच्याशी असा व्यवहार नकोच. दोघांचे पैसे एकाच गल्ल्यातून येत असतील तर कॅश टेबलाचा विचारही सोडा.

एकाच्या लॅपटॉपवर दुसऱ्याचं खातं उघडू नका, ‘बाथरूमला जातो, एक डाव खेळ’ हेही नाही. मित्राचे उसने पैसे मुद्दाम टेबलावर हरून फेडू नका. दोघांतच खेळलात तर तिसऱ्याचं नुकसान होत नाही हे खरं, पण ते चिप डंपिंग ठरतं आणि साइटला त्यात पैसे फिरवण्याचा वास येतो. उधारी बँकेतूनच फेडा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. व्हॉट्सॲपवर एजंट पैसे घेतो अशा क्लब ॲपच्या वाटेला जाऊ नका; तिथे साटंलोटं झालं तर दाद मागायला कुणी नसतं. मित्रमंडळींत फुकट चिप्सवर खेळताना ग्रुप कॉल चालू असतोच. त्यात पत्ते टाकलेल्याने डाव संपेपर्यंत माइक बंद ठेवायचा, आणि कोण कोण एका घरात बसलंय हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगायचं.

डावांवर चर्चा जरूर करा, पण दोघं टेबलावरून उठल्यावर. आत्ताच्या डावात तिसऱ्याने ब्लफ केला की नाही हे मित्राने दोन मिनिटांनी सांगितलं, तरी त्या तिसऱ्याबद्दलची माहिती तुम्हाला फुकट मिळालेली असते, आणि तो अजून तिथेच बसलेला असतो.