१९३१ मध्ये मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, चिनी सैन्याने जपानला प्रतिकार का केला नाही? दोष चीनच्या सरकारचा प्रमुख च्यांग काय-शेकचा की मांचुरियातल्या सैन्याचा प्रमुख झांग श्यूलियांगचा?

माझ्या मते त्या रात्रीचा आदेश झांगचाच, पण धोरणाची जबाबदारी च्यांगलाही चुकवता येत नाही.

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मांचुरियातल्या मुकडेन (आजचं शेनयांग) शहराजवळ जपान्यांनी स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, खापर चिन्यांवर फोडलं आणि बेइदायिंगच्या चिनी छावणीवर हल्ला केला. छावणीत हजारो सैनिक, हल्लेखोर जेमतेम काहीशे. तरी आदेश आला की बंदुका कोठारात ठेवा, लढू नका. कित्येक जण निःशस्त्र असतानाच मारले गेले. हे वाचताना आजही जीव तुटतो.

झांग तेव्हा बीजिंगमध्ये, आजारातून उठत होता. त्या संध्याकाळी तो प्रसिद्ध नट मेइ लानफांगचं संगीत नाटक बघत होता. च्यांग जहाजातून नानचांगकडे निघालेला, त्याला बातमी दुसऱ्या दिवशी कळली. ऑगस्टमध्ये त्याने ‘प्रतिकार करू नका’ अशी तार पाठवली होती, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण त्या तारेची मूळ प्रत कधीच मिळाली नाही. उलट ६ सप्टेंबरला झांगनेच आपल्या अधिकाऱ्यांना संयमाचा आदेश दिला होता. पुढे च्यांगनेच लादलेल्या अनेक दशकांच्या नजरकैदेनंतर, १९९० च्या सुमारास, त्याने स्वतः कबूल केलं की निर्णय माझा होता, जपान एवढ्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. च्यांगला दोष देऊन सुटायची संधी असताना तो हे बोलला, म्हणून मला ते खरं वाटतं.

च्यांग मात्र आधी कम्युनिस्टांचा बंदोबस्त, मग जपान, या हट्टाला धरून होता, आणि मुकडेननंतरही त्याने भिस्त राष्ट्रसंघावर (लीग ऑफ नेशन्स) ठेवली.