ज्यू पात्रांच्या गोष्टी: घरात लहान-मोठे सगळे वाचतील असं काय आहे?

ज्यू पात्रांच्या, पण नाझी छळछावण्यांबद्दल नसलेल्या गोष्टी हव्या असतील, तर लेखक आयझॅक बशेविस सिंगरपासून सुरुवात करा. जन्म पोलंडचा, मुक्काम अमेरिकेत, पण लिहिलं आयुष्यभर यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत; १९७८चं नोबेल त्यांनाच.

मुलांसाठी १९६६चं 'झ्लाटेह द गोट' घ्या, चित्रं मॉरिस सेंडॅकची. त्यात खेल्म या अतिशहाण्यांच्या गावाची एक गोष्ट आहे. हनुका या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या रात्री बर्फ पडतो. गावच्या पंचांना वाटतं, आकाशातून चांदी नि मोती पडलेत! लोकांनी ते तुडवू नयेत म्हणून घरोघर निरोप द्यायचा ठरतो. पण निरोप्याच्याच पायांनी खजिना तुडवला गेला तर? मग त्याला टेबलावर उभं करून चौघांनी उचलून न्यायचं. चौघांच्या आठ पायांचं काय, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. सात-आठ वर्षांचं पोरही इथे खो खो हसतं.

मोठ्यांसाठी सिंगर यांचीच 'गिम्पेल द फूल'. सगळं गाव ज्याला गंडवतं, असा एक भोळा बेकरीवाला. हसवता हसवता चटका लावते. माझ्या मते त्यांची सगळ्यात सरस कथा.

आणि आपल्या कोकणातलं हवं असेल तर एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचल'. अलिबागकडच्या दांड्याला एकटी राहणारी बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजातली) म्हातारी, ओस पडलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. साहित्य अकादमी मिळालंय, २०१०चं. भुकेल्या पोटी वाचू नका.