वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतली माणसं उद्धट झालीत का?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघालो आहोत. तिकडून येणारा जो तो सांगतो, की तिथली माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत, उद्धट झालीत. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिथल्या निम्म्या लोकांचंही हेच म्हणणं आहे. प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत ४७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की कोविडआधीपेक्षा लोक चारचौघांत जास्त उद्धट वागतात. जवळपास तितक्याच लोकांना काहीच फरक जाणवला नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही.

मोजता येईल असा पुरावा विमानांत सापडतो. २०२१ मध्ये दंगेखोर प्रवाशांच्या सुमारे ६,००० तक्रारी तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाकडे आल्या. बहुतेक मास्कवरून. एप्रिल २०२२ मध्ये मास्कची सक्ती उठली, तरी २०२३ मध्ये आकडा २,००० च्या आसपास होताच. कोविडआधीच्या पातळीवर काही उतरला नाही. मास्क फक्त निमित्त होतं, असं आमचं मत. सामान किंवा सीटवरून विमानात आवाज चढवू नका. कर्मचाऱ्याला धमकावणं किंवा त्याच्या अंगावर जाणं हा केंद्रीय गुन्हा आहे.

रोजच्या व्यवहारात जुने रिवाज बऱ्यापैकी टिकून आहेत आणि तिथे कमी पडतो ते आपणच. काउंटरवर गेल्या गेल्या ‘वन कॉफी’ म्हणू नका. आधी ‘हाय, हाउ आर यू?’, मग ‘कॅन आय गेट अ स्मॉल कॉफी, प्लीज?’ तुम्हाला कुणी ‘हाउ आर यू’ विचारलं, तर ‘गुड, अँड यू?’ एवढंच. गुडघेदुखी तिथे काढायची नसते. दारातून जाताना मागे बघा. कुणी चार पावलांवर असेल तर दार धरून ठेवा.

प्रश्न : इथे अमेरिकेत साधा मफिन घेतला तरी काउंटरवरची मुलगी स्क्रीन आपल्याकडे फिरवते आणि १८, २०, २५ टक्के टिप मागते. नाही म्हटलं तर असभ्य ठरतो का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : नाही. अलीकडच्या कुरबुरींचं मोठं मूळ हाच स्क्रीन आहे. मागे रांग, समोर ती मुलगी, आणि ‘नो टिप’ची अक्षरं सगळ्यांत बारीक. माणूस मुकाट्याने २० टक्के दाबतो, मग राग त्या मुलीवर काढतो. तो आकडा तिने नव्हे, मालकाने मशिनमध्ये घातलेला असतो.

काउंटरवरून उचलून न्यायच्या वस्तूला शून्य टिप चालते. हवं तर ‘कस्टम’ दाबून एखादा डॉलर द्या. टेबलावर बसून जेवलात तर मात्र १८ ते २० टक्के द्यायचेच. टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतनाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यावेत असा कायदा आहे. न्यू जर्सीत हे दर जास्त आहेत, कॅलिफोर्नियात मालकाला टिप धरून पगार कमी द्यायची सवलतच नाही. तरी टिपेचा रिवाज सगळीकडे तोच.

टिपेचा हिशेब कर जोडण्याआधीच्या रकमेवर करा. जेवण ६० डॉलर, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे ६३.९८. वीस टक्के टिप १२ डॉलर, एकूण ७५.९८. काही मशिनं करासकट रकमेवर टक्के लावतात, मग तीच टिप १२.८० होते. सहाआठ जणांच्या टेबलाला पुष्कळदा ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिपच, आधीच जोडलेली असते. बिल खालपर्यंत वाचा, नाहीतर दोनदा द्याल. कागदी स्लिप आली तर ‘मर्चंट कॉपी’वर (हॉटेलकडे राहणाऱ्या प्रतीवर) टिप आणि एकूण रक्कम लिहून सही करा. बँकेचा पहिला मेसेज बिनटिपेच्या रकमेचा असतो, घाबरू नका.

प्रश्न : ट्रेनमध्ये शेजारचा स्पीकरवर व्हिडिओ लावून बसला, तर बोलायचं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकदाच, हसून : ‘एक्स्क्यूज मी, कुड यू टर्न दॅट डाउन, प्लीज?’ ऐकलं नाही, तर जागा बदला किंवा कंडक्टरला सांगा. हुज्जत घालू नका. समोरच्याच्या खिशात पिस्तूल असण्याची शक्यता तिथे खरी आहे. अॅमट्रॅक या तिथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेच्या ज्या गाड्यांना ‘क्वाएट कार’ (शांततेचा डबा) असते, तिथे त्या डब्यात बसा. फोनवर बोलायला तिथे मनाई आहे. तुम्हालाही.