‘मॉनिटर’ म्हणजे पडदा नव्हे : जुन्या संगणकीय शब्दांची नोंद

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका वाचकाने विचारले आहे की, १९७० च्या दशकात एका कारखान्याच्या संगणक विभागात काम केलेल्या वडिलांच्या वह्या, पंचकार्डे (भोके पाडून माहिती नोंदवलेली कार्डे) आणि छापील कागद यांची मराठी सूची करताना ‘मॉनिटर’, ‘कोअर’, ‘स्पूल’ या शब्दांच्या जागी ‘पडदा’, ‘गाभा’, ‘रीळ’ असे लिहावे काय. माझे उत्तर असे की, तसे मुळीच करू नये. वहीतला शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि त्या काळचा अर्थ शेजारी मराठीत द्यावा.

‘मॉनिटर’चेच पाहा. १९५० च्या दशकाच्या आरंभी ऑपरेटर कार्डांचा गठ्ठा यंत्रात ठेवी, टेप बदली, कळा दाबी, आणि तेवढा वेळ अतिशय महागडे यंत्र रिकामे बसून राही. १९५६ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी अशी प्रणाली तयार केली की, एक काम संपताच दुसरे आपोआप सुरू व्हावे. स्मृतीत ठाण मांडून बसणाऱ्या आणि प्रत्येक कामानंतर यंत्राचा ताबा पुन्हा आपल्याकडे घेणाऱ्या अशा प्रोग्रामला मॉनिटर म्हणत. आज ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, तिचाच हा पूर्वज होय. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस यंत्रावर त्याला सुपरवायझर म्हणत, तर ब्रिटिश आयसीएल १९०० मालिकेत त्याच जातीच्या प्रोग्रामचे नाव एक्झिक्युटिव्ह होते. अशा ठिकाणी ‘पडदा’ लिहिले, तर वाक्य वाचायला सुबोध होईल, पण त्याचा अर्थ साफ चुकेल.

‘कोअर’च्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण हा शब्द आजही चलनात आहे आणि त्याचा अर्थ बदलला आहे. ‘३२ के कोअर’ असे वाचून आजचा विद्यार्थी प्रोसेसरच्या कोअरचा विचार करील. वहीत मात्र ती मुख्य स्मृती आहे. ती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची बनलेली असे. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एक बिट धरून ठेवी आणि वीज गेली तरी ते टिकून राही. प्रोग्राम कोसळल्यावर स्मृतीतील मजकूर जसाच्या तसा छापून घेण्याला ‘कोअर डंप’ म्हणत. त्या कड्या केव्हाच गेल्या, तरी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोसळलेल्या प्रोग्रामची स्मृती ज्या फाइलमध्ये उतरवली जाते, तिला अजूनही ‘कोअर’च म्हणतात.

‘स्पूल’ची फोड इंग्रजी आद्याक्षरांवरून केली जाते, ती मागाहून जुळवलेली असावी असे मानणारेही आहेत. सूचीत ‘संथ छपाईयंत्राकडे जाणारा मजकूर आधी टेपवर किंवा डिस्कवर साठवण्याची सोय’ एवढे पुरे.

पारिभाषिक शब्द घडवण्याला माझा विरोध नाही. याच बडोद्यात १९३१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, आणि त्या परंपरेचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु तो कोश कारभार चालवण्यासाठी होता. सूची ही साक्ष जपण्यासाठी असते, आणि साक्षीदाराच्या तोंडचे शब्द आपण बदलू नयेत.

वस्तूंबाबतही हेच धोरण ठेवावे. कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ दिसली, तर कार्डे त्याच क्रमात राहू द्यावीत, कारण गठ्ठा हातून पडून विस्कटला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून ती रेघ ओढत. छापील कागद रद्दीत देऊ नयेत. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरील अगदी सुरुवातीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, २०१६ मध्ये जुन्या छापील प्रतींच्या स्कॅनवरूनच पुन्हा उतरवून चालता करण्यात आला. मल्टिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारे शेवटचे यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी कॅनडात बंद झाले. तरी २००७ मध्ये सोर्स कोड खुला झाल्यामुळे ती प्रणाली आज जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर चालते.

प्रत्येक नोंदीत मूळ शब्द, त्या काळचा अर्थ, वहीचे पान आणि वर्ष असावे. शिवाय यंत्राचा उत्पादक आणि मॉडेल अवश्य लिहावे. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द एखाद्या प्रोग्रामविषयी आहे की एखाद्या अधिकाऱ्याविषयी, हे बहुधा त्यावरूनच ठरेल.